डेलिलीवर दरवर्षी तांबेरा परत येतोय? औषध बदलायच्या आधी हे करून बघा

प्रॉब्लेम बहुतेकांचा सेमच असतो. डेलिली (शोभेचं फुलझाड) मस्त वाढलेली, पानं भरपूर, आणि मग हवा जरा दमट झाली की पानांवर पिवळे ठिपके दिसायला लागतात, पान उलटं केलं की खाली नारिंगी पावडर, हात लावला की बोटं केशरी. फवारणी होते, तीन-चार आठवडे बरं वाटतं, मग परत तेच. मग दुसरं औषध, मग तेच औषध डोस वाढवून, मग कोणीतरी सांगतं दूध फवारा, कोणी सांगतं माती बदला, आणि पुढच्या वर्षी बरोब्बर त्याच सुमाराला तांबेरा, म्हणजे ही नारिंगी पावडरवाली बुरशी, हजर.

हे चक्र मुख्यतः सौम्य हवेतल्या बागांमध्ये चालतं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे डेलिलीची पानं पार जमिनीपर्यंत मरतात, त्यांच्याबरोबर तांबेराही संपतो आणि थंडी सरल्यावर झाड कोरी पानं घेऊन वर येतं. सौम्य हवेत ही सुट्टी मिळतच नाही, काही ना काही पान बारा महिने हिरवं असतं आणि त्या पानावर रोग आरामात दिवस काढतो. थंडी जे काम करत नाही ते आपण कात्रीने करायचं, औषधाचा नंबर त्याच्यानंतर लागतो. पण त्याआधी हा तांबेराच आहे ना ते बघून घ्या, कारण निम्म्या वेळा लोक भलत्याच गोष्टीवर बुरशीनाशक मारत असतात.

तांबेराच आहे का?

पांढरा टिश्यू पेपर घ्या, संशय असलेलं पान त्यात धरून बुंध्याकडून टोकाकडे ओढा. टिश्यूवर पिवळट-नारिंगी पट्टा उमटला तर तांबेरा, विषय संपला. पिवळे डाग वरून दिसतात पण पावडरचे फोड जास्त करून पानाच्या खालच्या बाजूला असतात, जोर वाढला की वरच्या बाजूला आणि फुलाच्या दांड्यावर पण येतात. दांडा बघायचा राहून जातो बऱ्याच जणांचा, पानं सगळी कापतात आणि दांडे फुलं आहेत म्हणून ठेवतात, आणि मग रोग परत कुठून आला ते कळत नाही.

टिश्यू कोरा राहिला तर बहुतेक वेळा तो करपा असतो, पानाच्या मधल्या शिरेला धरून पिवळा पट्टा पडतो, तो टोकाकडून खाली सरकतो, मग मधला भाग तपकिरी होऊन वाळतो. त्याला पावडर कधीच नसते. हा पाण्याच्या शिंतोड्यांनी आणि जखमांमधून पसरतो, म्हणजे ओल्या पानांमधून हात घालत फिरलात, किडीने पान खरवडलं, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तशीच नेली, की करपा पुढे गेला. दिसायला घाण दिसतो पण झाडाला फार काही करत नाही, खराब पानं काढायची, पाणी वरून मारायचं बंद करायचं, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. तांबेरा आणि करपा एकाच पानावर पण असू शकतात हां, त्यामुळे एकाच पानावरून निकाल देऊ नका, आठ-दहा पानं पुसून बघा.

कोरड्या गरम हवेत पानं फिकट, बारीक बारीक ठिपक्यांची आणि मळकट दिसत असतील तर कोळी (बारीक कीड, जाळं विणणारा मोठा कोळी नव्हे) बघा. पान पांढऱ्या कागदावर आपटा, पडलेले कण चालायला लागले की कोळी. बुरशीनाशकाने त्याला काही होत नाही, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसाआड मारला तर बराच कमी होतो. थंड दिवसांत पानांच्या मधल्या खाचेत, अगदी आत बुंध्याशी, मावा बसतो, नवीन पानं वाकडी आणि खडबडीत येतात, मुंग्या फिरताना दिसतात. कळ्यांवर आणि दांड्यावर खरवडल्यासारखे पांढरट-तपकिरी चट्टे, फुलं अर्धवट उघडणं, कळीच सुकणं, हे फुलकिड्यांचं काम. नवीन पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी येत असतील तर तो रोगच नाही, जमीन फार विम्ल, म्हणजे पीएच जास्त, असेल तर मुळांना लोह उचलता येत नाही. डेलिलीला साधारण ६ ते ७ पीएच मानवतो, त्याच्या बराच वर असेल तर आधी तो बघा, लोहाचं चिलेट वरून फवारून मिळणारा हिरवेपणा तात्पुरता असतो.

आणि फुलं संपल्यावर खालची दोन-चार पानं पिवळी पडून गळतात, ते नॉर्मल आहे, त्याला काही मारू नका.

परत परत का येतो

ही बुरशी, पक्सिनिया हेमेरोकॅलिडिस, फक्त जिवंत पेशींवर जगते. मेलेल्या पानावर ती वाढत नाही, मातीत खत खाऊन बसून राहत नाही. त्यामुळे माती बदलणं, माती उकळत्या पाण्याने भाजणं, वाफ्यात औषध ओतणं, हे सगळं तांबेऱ्यासाठी फुकटचे कष्ट. तिचं पूर्ण जीवनचक्र दोन झाडांवर होतं, दुसरं झाड पॅट्रिनिया नावाचं, पण सौम्य हवेत तिला त्या दुसऱ्या झाडाची गरजच पडत नाही, कारण ते नारिंगी बीजाणू (पानाखालची ती पावडर, बुरशीच्या बियाच म्हणा) डेलिलीवरून डेलिलीवर थेट जातात आणि तिथेच नवीन फोड तयार करतात, त्या फोडातून परत तेच बीजाणू, असं वर्षभर चालू राहतं. पॅट्रिनिया बागेत असेल तर काढून टाकायला हरकत नाही, पण ते काढलं म्हणून तांबेरा जाईल अशी आशा ठेवू नका.

बीजाणू वाऱ्याने जातात, कपड्यांवरून जातात, कुत्रं वाफ्यातून पळालं तरी जातात. पानावर पडल्यावर त्यांना रुजायला ओल लागते, पान सलग ५-६ तास ओलं राहिलं की काम झालं, आणि हवा साधारण २२ ते २४ अंश सेल्सिअस असेल तर त्यांची चांदी. तिथून नवीन फोड दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे आज पान स्वच्छ दिसतंय म्हणून ते स्वच्छ आहे असं नाही, आत रोग शिरलेला असू शकतो. हा मुद्दा नवीन झाडं आणताना परत येईल.

आता उन्हाळ्याचं. कडक गरम आणि कोरडे दिवस आले की तांबेरा आपोआप कमी होतो, ३५-३६ अंशांच्या वर त्याला जमत नाही, शिवाय जुनी पानं वाळतात. नेमकं त्याच काळात कोणीतरी काहीतरी फवारलेलं असतं आणि त्या औषधाला सर्टिफिकेट मिळतं. ताकाचं पाणी, सोडा, लसूण, सगळ्यांच्या यशोगाथा मला वाटतं याच काळातल्या असतात. दमट दिवस परत आले की खरं कळतं. तेव्हा कुठल्याही उपायाचा हिशोब करायचा तर दव आणि पावसाच्या दिवसांत करा.

कापणी, म्हणजे मुख्य काम

वर्षातून एकदा, सगळ्या डेलिली, सगळी पानं, एकाच दिवशी. यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्या. आज हा वाफा, पुढच्या रविवारी तो, कुंडीतल्या दोन नंतर बघू, असं केलंत तर न कापलेल्या झाडावरचे बीजाणू कापलेल्याच्या कोवळ्या पानांवर जाऊन बसतात आणि महिन्याभरात हिशोब शून्यावर. एका दिवसात होत नसेल इतकी झाडं असतील तर दोन दिवस घ्या, पण दोनच.

कधी करायचं तर तुमच्याकडची सगळ्यात थंड वेळ, जेव्हा झाडाची वाढ मंद असते आणि पुढे नवीन पालवी येणार असते. सौम्य हवेत झाड पूर्ण झोपत नाही पण दमतं, ती वेळ धरायची. भर गरमीत आणि त्यात पाऊस चालू असताना जमिनीलगत कापू नका, कापलेल्या पानांचे खुंट पाणी धरतात आणि मग बुंधा कुजायला लागतो, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय. तसंच दर दोन महिन्यांनी कापत बसू नका. पान हे झाडाचं स्वयंपाकघर आहे, ते सारखं बंद ठेवलं तर मुळांतला साठा संपतो आणि पुढच्या मोसमात फुलं रुसतात. वर्षात एकदा पूर्ण, आणि मधे जोर झालाच तर फक्त खालची वाईट पानं काढायची.

पानं जमिनीपासून बोटभर ते चार बोटं ठेवून कापा. पानं कोरडी असताना, वारा नसताना. कापलेलं सगळं लगेच पिशवीत, ओढत नेऊ नका, वाफ्याच्या कडेला ढीग करून नंतर उचलू असं नको. पिशवीचं तोंड बांधून उन्हात ठेवली तर पानं आतच मरतात आणि त्याबरोबर बुरशीही. कंपोस्ट चांगलं गरम होत असेल तर त्यात मधोमध टाकता येईल, पण बहुतेक घरगुती कंपोस्ट तेवढं तापत नाही, तेव्हा उगाच रिस्क कशाला. बुंध्याशी अडकलेली वाळकी पानं हाताने ओढून काढा, त्यांच्या खाली लपलेलं एखादं हिरवं टोक पुढच्या वर्षाची सोय करून ठेवतं. दांडे काढा. वाफ्याबाहेर, कुंपणापाशी, पायरीच्या फटीत उगवलेल्या एकट्यादुकट्या डेलिली शोधा, त्या विसरल्या जातात. काम झाल्यावर कात्री स्पिरिटने पुसा, कपडे धुवायला टाका.

शेजारी डेलिली असेल तर त्यांना पण त्याच आठवड्यात कापायला सांगा. ऐकले तर उत्तम. नाही ऐकले तर तुमच्याकडे रोग येणारच, पण उशिरा आणि कमी येईल, कारण सुरुवात लाखो बीजाणूंनी होणार नाही, उडत आलेल्या थोड्यांनी होईल. हा फरक छोटा नाही.

कापल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत नवीन पानं बऱ्यापैकी वर येतात. तोपर्यंत पाणी बेताचं, खत जवळजवळ नाही. नत्र जास्त दिलं की पानं लुसलुशीत आणि दाट येतात, तांबेऱ्याला तसलंच पान आवडतं आणि दाटीमुळे ओल पण टिकते.

फवारणीचं

फवारणीचा खरा उपयोग कापणीनंतरच्या कोऱ्या पानांवर. नवीन पानं चार-पाच इंच झाली की पहिली, मग लेबलवर जे अंतर दिलंय त्याप्रमाणे, बहुतेक औषधांना ७ ते १४ दिवस असतं, दुसरी. दमट दिवस सुरू व्हायच्या आधी परत एक-दोन. भरलेल्या तांबेऱ्यावर मारलं तर फुटलेले फोड काही मिटत नाहीत, तुम्ही फक्त पुढचं नुकसान थोडं थांबवता, आणि "औषध चालत नाही" असं वाटतं.

कुठलं मारायचं यात लोक फार गोंधळतात. ॲझॉक्सिस्ट्रोबिन चालतं, तो एक गट (बुरशीवर एकाच पद्धतीने काम करणारी औषधं म्हणजे एक गट). प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल चालतात, पण हे तिन्ही एकाच गटातले, त्यामुळे प्रोपिकोनॅझोलनंतर टेब्युकोनॅझोल मारून औषध बदललं असं होत नाही. गट बदलायचा असतो, नाव नाही, म्हणजे एकदा ॲझॉक्सिस्ट्रोबिन मग एकदा कोनॅझोलवाला. बऱ्याच देशांत लेबलवर गटाचा नंबर छापलेला असतो, ११ आणि ३, तो बघून घ्या. हे दोन्ही गट आंतरप्रवाही आहेत, म्हणजे पानाच्या आत शिरतात. मॅन्कोझेब आणि क्लोरोथॅलोनिल स्पर्शजन्य आहेत, पानावर वरवर थर देतात, आतला रोग मारत नाहीत, पण लवकर सुरुवात केली तर चांगलं काम करतात. काही देशांत ही दोन्ही आता बंद आहेत, तुमच्याकडे परवानगी आहे का आणि शोभेच्या झाडांना लेबलवर जागा आहे का ते बघूनच घ्या.

न चालणारी यादी जास्त कामाची आहे खरंतर. कार्बेन्डाझिम आणि थायोफॅनेट मिथाइल तांबेऱ्यावर चालत नाहीत, थायोफॅनेट करप्यावर चालतं, म्हणून "मला याने फरक पडला" म्हणणाऱ्याकडे बहुतेक करपाच असतो. मेटॅलॅक्झिल वेगळ्याच जातीच्या रोगांसाठी आहे, मुळं कुजवणाऱ्या पाण्यातल्या बुरशींसाठी, तांबेऱ्याला त्याचा पत्ताच नाही. स्ट्रेप्टोमायसिन सारखी अँटिबायोटिक्स बॅक्टेरियासाठी, बुरशीला नाहीत. दूध भुरीवर (पानांवर पांढरी पावडर येणारा रोग) थोडंफार चालतं, तांबेऱ्यावर नाही. गंधक प्रतिबंध म्हणून ठीकठाक, पण ३२ अंशांच्या वर मारलं तर पानं भाजतात, आणि तेलकट फवारणीच्या आगेमागे दोन-चार आठवडे तर अजिबात नको. कडुलिंबाचं तेल माव्यासाठी, कोळ्यासाठी ठेवा.

डेलिलीचं पान मेणचट असतं, नुसतं पाण्यात मिसळलेलं औषध थेंब होऊन ओघळतं, त्यामुळे लेबल परवानगी देत असेल तर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घाला. आणि नोझल खालून वर धरा. रोग पानाच्या खाली, औषध पानाच्या वर, अशी बरीच फवारणी होते. डोस वाढवू नका, कोनॅझोल गटातली औषधं जास्त झाली की झाड खुजं आणि गडद हिरवं होतं, वाढच थांबते, मग ते रोग समजून परत औषध. ॲझॉक्सिस्ट्रोबिन वापरत असाल आणि जवळ सफरचंदाची झाडं असतील तर वारा सांभाळा, काही जातींना त्याने जबर इजा होते, त्याच पंपाने नंतर त्या झाडांवर दुसरं काही मारणंसुद्धा टाळतात. हातमोजे, मास्क, हे सांगायला नको.

जात बदला (हे कोणाला आवडत नाही)

कितीही कापलं आणि फवारलं तरी काही जाती दरवर्षी सगळ्यात आधी नारिंगी होतात आणि मग बाकीच्यांना देतात. बागेत अशी एक-दोन झाडं असतातच. दमट दिवस सुरू झाले की आठवड्यातून एकदा टिश्यू घेऊन फिरा आणि पहिल्यांदा कोणावर आला ते लिहून ठेवा, दोन मोसमांत तुम्हाला नाव कळेल. मग ते झाड कितीही सुंदर फुलत असो, काढा. माझं मत यात अगदी पक्कं आहे, एका जातीच्या प्रेमापायी बाकी सगळ्या बागेला वर्षभर औषध पाजणं परवडत नाही.

अमेरिकेत तांबेरा २००० साली पहिल्यांदा सापडला, त्याआधी तो आशियातला रोग म्हणून माहीत होता, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत तो तिथे निम्म्याहून जास्त राज्यांत पोचला, त्यात विकल्या जाणाऱ्या रोपांचा वाटा मोठा. त्यानंतर तिथे जातींच्या चाचण्या झाल्या, त्यात 'पार्डन मी', 'जर्ट्रूड कॉन्डन' यांच्यावर रोग जोरात आला आणि 'मिनी पर्ल', 'यांगत्झे', 'बटरस्कॉच रफल्स' या बऱ्यापैकी टिकल्या. पण ही यादी डोळे झाकून घेऊ नका, या बुरशीचे वेगवेगळे प्रकार आहेत, एका ठिकाणी स्वच्छ राहिलेली जात दुसऱ्या ठिकाणी लोळू शकते. तुमच्या हवेतल्या, तुमच्या जवळपासच्या माणसाच्या बागेत फवारणीशिवाय कोणती जात टिकतेय ते बघणं हीच खरी चाचणी.

सौम्य हवेत अजून एक पेच आहे. सदाहरित जाती तिथे छान वाढतात, वर्षभर पानं, फुलं पण दोन-तीनदा, आणि नेमक्या त्याच तांबेऱ्याला वर्षभर घर देतात. दुसरीकडे सुप्तावस्थेत जाणाऱ्या जाती पानं टाकतात म्हणून लोक त्या आणतात, पण त्यातल्या काहींना नीट थंडी लागते, ती मिळाली नाही की दरवर्षी फुटवे कमी, पानं बारीक, फुलं तुरळक, आणि तीन-चार वर्षांत झाड संपतं. ते रोगाने गेलं असं समजू नका. मुळं उकरून बघा, पांढरी आणि घट्ट असतील, कुजकट वास नसेल, किडीचा पत्ता नसेल, तर ती थंडीची भूक आहे, त्यावर औषध नाही, थंड जागेतल्या कोणाला तरी देऊन टाका. अर्धसदाहरित जातींमध्ये मधला मार्ग सापडतो पण त्या शब्दाखाली काहीही विकतात, त्यामुळे लेबलापेक्षा प्रत्यक्ष वर्षभर कशी राहते तेच बघा.

नवीन झाड आणलं की

वाफ्यात थेट लावायचं नाही, बस. विकायला ठेवलेल्या रोपांवर नियमित फवारणी असते, त्यात काही चूक नाही, पण त्यामुळे रोग दबलेला असतो, गेलेला नसतो. आणल्या आणल्या पानं दोन-तीन इंचांवर कापा, माती धुवून टाका, कुंडीत लावून बाकी डेलिलींपासून लांब ठेवा आणि औषध न मारता नवीन पानं येऊ द्या. औषध मारायचं नाही हे महत्त्वाचं, नाहीतर परीक्षा काय झाली. पाच-सहा आठवडे दमट हवेत टिश्यू कोरा राहिला तर वाफ्यात. कोरड्या उन्हाळ्यात आणलं असेल तर हवा दमट होईपर्यंत कुंडीतच राहू दे, थांबायला काही हरकत नाही.

वाटून आलेल्या फुटव्यांना पण हाच नियम, मैत्रीत आलेलं झाड जास्त बघून घ्या.

पानं गेली, बुंधा गेला, हे तांबेरा नाही

बऱ्याच जणांचं असं होतं की तांबेऱ्याच्या नादात पानं कापली, वाटणी पण करून घेतली, वरून शेणखत टाकलं, आच्छादन बुंध्यापर्यंत ओढलं, आणि पंधरा दिवसांत झाड पिवळं पडून हातात आलं. तांबेरा झाड मारत नाही, दमवतो, फुलं कमी करतो, दिसायला वाईट. पण गरमी आणि ओल एकत्र असताना बुंधाकुज झाड खरंच मारते.

पान हलकेच ओढा. सहज निघून आलं आणि तळाला चिकट लगदा आणि घाणेरडा वास असेल तर बॅक्टेरियाची कुज. वास तेवढा नाही पण बुंध्याशी आणि मातीवर पांढरी जाळी, पंख्यासारखी पसरलेली, आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढे आधी पांढरे मग तपकिरी गोळे असतील तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ही मात्र मातीत वर्षानुवर्षं राहते, त्या गोळ्यांच्या रूपात, त्यामुळे इथे माती काढून टाकण्याला अर्थ आहे, झाडाभोवतीची वरची सहा-आठ इंच माती पिशवीत भरून बाहेर, वाफ्यात पसरवायची नाही.

वाचवायचं असेल तर झाड उपटा, धुवा, मऊ भाग धारदार सुरीने पांढरा घट्ट भाग लागेपर्यंत कापा, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा, मग सावलीत हवेशीर जागी दोन-तीन दिवस नुसतं पडू द्या. डेलिलीची मुळं जाड असतात, तेवढ्याने सुकत नाहीत. कापलेल्या जागी खपली धरली की नवीन जागी, निचरा चांगला असलेल्या मातीत, बुंधा साधारण एक इंच मातीखाली राहील असा लावा. खोल लावणं हे कुजीचं मोठं कारण. पहिलं पाणी बेताने, नंतर माती वरून कोरडी झाल्यावरच. वाटणी कायम थंड किंवा निदान कोरड्या दिवसांत करा, आणि आच्छादन बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

दोन झाडांत दीड-दोन फूट जागा, ऊन ५-६ तास तरी, पाणी सकाळी आणि मुळाशी. सकाळी यासाठी की दवाने आधीच ओलं असलेलं पान उन्हात लवकर वाळतं. संध्याकाळी वरून पाणी मारलं की पान रात्रभर ओलं, म्हणजे त्या ५-६ तासांची सोय तुम्हीच करून दिली. ठिबक असेल तर उत्तमच. तीन-चार वर्षांत गड्डा फार दाट होतो, मधे हवा जात नाही, मग वाटणी करावीच लागते.

एवढं करूनही आला तर

कापणीनंतर किती दिवसांत आला ते बघा, त्यावरून बरंच कळतं. दोन-तीन आठवड्यांत, पहिल्याच पालवीवर आला तर स्रोत घरातच आहे, न कापलेलं झाड, राहिलेला दांडा, बुंध्याशी दबलेलं हिरवं पान, मागच्या बाजूची कुंडी. शोधा, सापडतंच. दोन-तीन महिन्यांनी, दमट दिवसांच्या सुरुवातीला, वाऱ्याच्या बाजूच्या एका कोपऱ्यात आला तर तो बाहेरून आलाय, त्या कोपऱ्यातली पानं काढा, आजूबाजूला एक फवारणी द्या आणि त्या बाजूला टिकाऊ जाती लावायचा विचार करा. सगळीकडे एकदम आला असेल तर बहुतेक नवीन आणलेलं झाड वाफ्याच्या मधोमध बसलेलं असतं.

आणि गुलाबावरचा, कर्दळीवरचा तांबेरा बघून डेलिलीला दोष देऊ नका किंवा उलटही, त्या वेगवेगळ्या बुरशी आहेत, एकमेकांवर जात नाहीत. घरात मांजर असेल तर मात्र कापलेल्या पानांची पिशवी उघडी ठेवू नका, डेलिलीचं पान, फूल, अगदी परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतात. खाल्लंय असा संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता लगेच व्हेटकडे न्या.